माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाचा आठवडा प्रत्यक्षात कसा जातो आणि सहकारी शिक्षकांना साथ देण्यासाठी त्यातला किती वेळ उरतो?

आपण लिहिले आहे की, नवी मुंबईतील एका अनुदानित शाळेत सेवाज्येष्ठतेनुसार येत्या जूनमध्ये आपल्याकडे मुख्याध्यापकपद येणार आहे, नेतृत्वाविषयीची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत, पण हा आठवडा नेमका कशात जातो हे कोणी सांगत नाही. मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला असलेल्या मराठी माध्यमाच्या एका अनुदानित शाळेत काही वर्षांपासून मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. साथ देण्यासाठी म्हणून वेगळा वेळ या आठवड्यात उरत नाही, असेच माझे उत्तर आहे. कामाचे ओझे आपण कसे वाटतो आणि शिक्षकांचा वेळ कितपत राखतो, यावरून ते आपल्याला जोखतात, आणि ही वाटणी रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वीच सुरू झालेली असते.

आमचे सकाळचे सत्र सात वाजता सुरू होते. ठाण्यात स्वतःचे घर असलेले शिक्षक थोडे आहेत. बाकीचे बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव येथून येतात आणि पावसाळ्यात मध्य रेल्वे रखडली की सहाच्या सुमारासच त्यांचे फोन सुरू होतात. त्यात कोणाची किरकोळ रजा असते, कोणाला प्रशिक्षणाला बोलावलेले असते, कोणाच्या हाती मतदार याद्यांच्या कामाचा आदेश पडलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून वगळले असले तरी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे अपवाद ठेवले आहेत, त्यामुळे त्या आदेशाशी वाद घालून हाती काही लागत नाही. पर्यवेक्षक बदली तासांची वही घेऊन बसतात आणि रिकाम्या वर्गांवर कोण जाणार हे पंधरा मिनिटांत ठरते.

ही वही शाळेतील सर्वांत बारकाईने वाचला जाणारा दस्तऐवज आहे. शासनाचे परिपत्रक न वाचणारे शिक्षकही महिनाभरात कोणाच्या वाट्याला किती बदली तास आले हे तोंडपाठ सांगतात. चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणजे बदली तासांची राखीव फौज, असा समज अनेक शाळांत रूढ आहे. शिवाय जानेवारी उजाडला की त्यांच्या स्वतःच्या तासिकाही दहावीच्या गणित-विज्ञानाकडे वळवल्या जातात. दुसरीकडे दहावीला शिकवणारे ज्येष्ठ शिक्षक आपल्याला बदली तास लागणारच नाही असे गृहीत धरून वावरतात. मी नियम असा ठेवला आहे की, एका शिक्षकाला एका दिवशी एकाहून अधिक बदली तास द्यायचा नाही, महिनाअखेर बेरीज स्टाफरूमच्या फलकावर लावायची आणि ज्याची बेरीज कमी असेल त्याच्यापासून पुढच्या महिन्याची सुरुवात करायची. या बेरजेत माझेही नाव असते. मोठ्या बाई स्वतः सातवी ‘क’च्या वर्गावर गेल्या, हे दिसले की बाकीच्यांची कुरकूर बरीच कमी होते, आणि त्या वर्गात काय चालले आहे हेही मला आयतेच कळते.

दुपारनंतरचा बराच वेळ माहिती पुरवण्यात जातो. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावरील नोंदी, विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची पडताळणी, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, शालेय पोषण आहाराची दैनंदिन नोंद, आणि त्याखेरीज सायंकाळी पाचपर्यंत भरून मागितलेले कुठले तरी नवे विवरणपत्र. यातील काही कामे कंटाळवाणी असली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नसतात. पडताळणी झालेल्या पटावर संचमान्यता होते आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात. आसपासच्या वस्तीतील मुले इंग्रजी माध्यमाकडे जात असताना चार-पाच मुलांचे आधार जुळले नाहीत म्हणून एखादी तुकडी आणि तिच्याबरोबर एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. वर्गशिक्षकांना हा संबंध एकदा नीट समजावून सांगितला तर ते काम आपणहून करतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक संदेश मात्र मी जसाच्या तसा शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर ढकलत नाही. ज्याचा त्याच्याशी संबंध आहे त्यालाच तो पाठवायचा, आमच्या लिपिकांकडे असलेली माहिती शिक्षकांकडून पुन्हा मागायची नाही आणि रात्री आठनंतर काहीही पाठवायचे नाही, ही शिस्त पाळायला अवघड नाही.

आठवड्यातील एक दिवस मी कार्यालयीन कागदांसाठी राखून ठेवते, आणि आपणही तो ठेवावा असा माझा आग्रह आहे. शिक्षकाला आधार म्हणजे धीराचे चार शब्द, असे आपल्याला वाटते. त्याच्या दृष्टीने मात्र बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा किंवा चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचा प्रस्ताव वेळेत जाणे, पत्नीच्या शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक त्रुटी निघून परत न येणे आणि सेवापुस्तकातील नोंदी अद्ययावत असणे, हा आधार अधिक खरा असतो. सेवापुस्तकाकडे दुर्लक्ष झाले की त्याची किंमत निवृत्तीच्या वेळी मोजावी लागते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी आणि नंतर लागलेल्यांची निवृत्तिवेतनाची व्यवस्था वेगळी असल्याने नियुक्तीचा दिनांक, मान्यतेचा दिनांक आणि सेवेतील खंड यांविषयीची एखादी अस्पष्ट नोंदसुद्धा पुढे महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करायला लावते. दर वर्षी प्रत्येकाला त्याचे सेवापुस्तक दाखवून सही घ्यावी. हे काम लिपिकांचे आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण त्याखाली सही मुख्याध्यापकाची असते.

नव्याने आलेल्या शिक्षणसेवकांविषयी थोडे विस्ताराने लिहिते. शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत निवड झालेली ही मुले-मुली बहुधा लातूर, बीड, नांदेड अशा जिल्ह्यांतून येतात, तीन वर्षे माध्यमिक स्तरावर दरमहा १८,००० रुपये मानधनावर काम करतात आणि तेवढ्या पैशांत कळवा-खारेगाव किंवा थेट बदलापूरला तिघे-चौघे मिळून एक खोली घेतात. शाळेत त्यांच्यावर दोन संकटे एकदम येतात. ज्या तुकडीला कोणी हात लावत नाही ती नववीची तुकडी त्यांच्या माथी मारली जाते, आणि तरुण आहेत, संगणक येतो, म्हणून सगळे ऑनलाइन कामही त्यांच्याकडेच सरकते. वेळापत्रक करतानाच मी ही दोन्ही कामे त्यांच्यापासून पहिले वर्षभर दूर ठेवते आणि त्यांच्या विषयाच्या एका ज्येष्ठ शिक्षकाची मोकळी तासिका त्यांच्या तासिकेला जोडून घेते, म्हणजे अडल्यास विचारायला माणूस शेजारी असतो. मी त्यांचा पाठ पाहायला जाते तेव्हा आधी सांगून जाते. पाठ संपल्यावर लॉगबुकात शेरा लिहिण्यापूर्वी रिकाम्या वर्गात दहा मिनिटे बोलणे होते. फळ्यावरील मांडणी, कोणत्या रांगेकडे एकदाही प्रश्न गेला नाही, असे नेमके काही सांगितले तर ते त्यांना दुसऱ्याच दिवशी वापरता येते.

पालकांच्या तक्रारींना ठरावीक वार नसतो. एखादे वडील कारखान्यातली पाळी बुडवून रागारागाने कार्यालयात येतात आणि त्या बाईंना आत्ताच्या आत्ता बोलवा म्हणतात. मी शिक्षकाला असे तेव्हाच्या तेव्हा पालकांसमोर कधीच हजर करत नाही. पालकांचे म्हणणे आधी एकट्याने ऐकते, नंतर शिक्षकाचे, आणि मग गरज असल्यास तिघांना एकत्र बसवते. मात्र शिक्षकाची बाजू घेणे आणि त्याला पाठीशी घालणे यांतील सीमारेषा कायद्यानेच आखून दिलेली आहे: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. लैंगिक गैरवर्तनाचा विषय असेल तर बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याविषयीची बाब दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तेथे संस्थाचालकांना विचारून सांगतो, असे म्हणायला जागाच नाही. हे मी दर जूनमध्ये शिक्षकसभेत स्पष्ट शब्दांत सांगते, त्यामुळे प्रसंगी कोणाला विश्वासघात झाल्यासारखे वाटत नाही.

सध्या स्टाफरूममध्ये सर्वाधिक चर्चा टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. वीस वर्षे सहावी-सातवीला विज्ञान शिकवलेल्या माणसाला १५० गुणांची बहुपर्यायी परीक्षा देऊन खुल्या प्रवर्गात ६० टक्के गुण मिळवायचे आहेत, तेही स्वतःची मुले दहावी-बारावीला असताना. निकाल योग्य की अयोग्य यावर मी स्टाफरूममध्ये मत देत नाही. तेथे संघटनांची माणसे आहेत आणि ती आपले काम करतील. माझ्या हातात वेळापत्रक आहे. शक्य तेथे अशा शिक्षकांच्या मोकळ्या तासिका मी लागोपाठ लावल्या आहेत, त्या वेळेत त्यांना बदली तास देत नाही, आणि बालमानसशास्त्राच्या भागासाठी नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या एका शिक्षणसेविकेने शनिवारी शाळा सुटल्यावर ज्येष्ठांना शिकवायला सुरुवात केली आहे. त्या तासाला मीही मागच्या बाकावर बसते.

सभांविषयी सांगण्यासारखे फार नाही. जे लिहून कळवता येते त्यासाठी सभा घेऊ नये, आणि शिपाई व लिपिक यांना शिक्षकसभेतील निर्णय नंतर स्टाफरूममधून कळतील अशी वेळ आणू नये. दहावीच्या लेखी परीक्षेचे ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण, वाशीच्या विभागीय मंडळाकडे जाणारी कागदपत्रे, फेब्रुवारी-मार्चमधील पर्यवेक्षणाच्या नेमणुका, हे सर्व ठरलेल्या क्रमाने येते आणि अनुभवी पर्यवेक्षक असल्यास पारही पडते.

आपल्या बाबतीत एक गोष्ट जूनपूर्वीच करावी लागेल. आपल्या मुख्याध्यापकपदाच्या मान्यतेचा आणि स्वाक्षरीच्या अधिकाराचा प्रस्ताव संस्थेने शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाकडे कधी पाठवायचा, हे सचिवांना आजच विचारून ठेवा. आपल्या सहीला मान्यता मिळेपर्यंत शालार्थ या वेतनाच्या ऑनलाइन प्रणालीतील देयके पुढे सरकत नाहीत, आणि नव्या मुख्याध्यापकाच्या पहिल्याच महिन्यात सगळ्या शाळेचा पगार अडकला तर कालपर्यंत आपल्याबरोबर डबा खाणारे सहकारी घरांच्या हप्त्यांची चिंता घेऊन सर्वांत आधी आपल्याच दारात येतील. त्याबरोबर सध्याच्या मुख्याध्यापकांकडून प्रभार यादी (सोपवायच्या वस्तू व कागदपत्रांची यादी), सर्व सेवापुस्तके आणि मागील वर्षाची बदली तासांची वही मागून घ्या. ती वही मे महिन्याच्या सुट्टीत वाचायला आपल्याला निवांत वेळ मिळेल.