वर्कर_कनेक्शन्स (एका वर्कर प्रोसेसला एका वेळी चालणारी कमाल कनेक्शन्स) ४०९६ केलं तरी एनजिनएक्स (वेब सर्व्हर) हजाराच्या आसपासच का अडकतं?

लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसतंय ना? मग आड येतेय ती फाइल डिस्क्रिप्टरची, म्हणजे प्रोसेसने उघडलेल्या फाइल-कनेक्शनला मिळणाऱ्या क्रमांकांची मर्यादा. लिनक्सवर प्रत्येक कनेक्शन एक डिस्क्रिप्टर खातं आणि प्रोसेसची सॉफ्ट लिमिट (प्रत्यक्ष लागू असलेली मर्यादा) बहुतेक ठिकाणी १०२४ असते. कॉन्फिगमध्ये इव्हेंट्स ब्लॉकच्या बाहेर, सगळ्यात वरच्या पातळीवर वर्कर_आरलिमिट_नोफाइल (दर वर्करची उघड्या फाइलींची मर्यादा) १०००० टाका. शेलमध्ये युलिमिट (हीच मर्यादा बदलणारी कमांड) वाढवून सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) चालवलेल्या सर्व्हिसला काडीचाही फरक पडत नाही. रीस्टार्टनंतर वर्करचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) घेऊन प्रॉक या फोल्डरमधली त्याची लिमिट्स फाइल नक्की बघा.

आणि एनजिनएक्स रिव्हर्स प्रॉक्सी असेल, म्हणजे विनंत्या मागच्या अ‍ॅपकडे पोचवत असेल तर ४०९६ म्हणजे ४०९६ युजर नव्हेत! एक कनेक्शन ब्राउझरकडे, दुसरं मागच्या अ‍ॅपकडे, म्हणजे दर वर्करमागे साधारण निम्मेच धरा. कीपअलाइव्ह_टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ते) मुळात ७५ सेकंद असतो, तोही १५-२० वर आणा.