वडोदऱ्यात राहतो, घरी झोपाळा आहे. दहा वर्षांच्या मुलीला भौतिकशास्त्राचे नियम शिकवायला कुठून सुरुवात करू?

झोपाळ्यापासूनच करा, पण मोजमाप दोऱ्यावर घ्या. झोपाळ्यावर माणूस उठला-बसला की वजनाचा मध्य सरकतो आणि आकडे जुळत नाहीत.

दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला न ताणणारा दोरा बांधा, खाली लोखंडी नट. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत 100 सेंमी भरलं पाहिजे. बहुतेक जण गाठीपर्यंतच मोजतात. पंखा बंद करा. नट 10 सेंमी बाजूला ओढून नुसता सोडा, ढकलू नका. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं की एक झोका कमी भरतो. जाऊन परत आला की एक. दहा झोक्यांना साधारण 20 सेकंद लागतील.

आता विचारा, वजन दुप्पट केलं तर? तिचं उत्तर आधी वहीत लिहून घ्या, मगच करून बघा. खरं शिक्षण इथेच होतं, ही पायरी गाळू नका. दुसरा नट पहिल्याच्या शेजारीच बांधा. खाली लटकवला तर लांबी वाढते. वेळ तेवढाच लागतो! मग दोरा 25 सेंमी करा आणि नट 2-3 सेंमीच ओढा. लांबी पाव झाली, तरी वेळ निम्माच होतो: 10 सेकंद. सूत्राची घाई नको, ते नववी-दहावीत आलं तरी चालेल.