नऊ वर्षं अँड्रॉइड, आता आयफोन घेऊ का? रोजच्या वापरापुरतं उत्तर

तुम्ही विचारलंय की नऊ वर्षं अँड्रॉइड वापरल्यावर आयफोनकडे वळलं तर रोजच्या वापरात नेमकं काय बदलेल. कॅमेरा, प्रोसेसर, रॅम यांचे आकडे नकोत, दिवसभर हाताला काय जाणवतं तेवढंच सांगा, असंही म्हटलंय. दिवसाचे दोनेक तास टाइप करण्यात जातात आणि जुना फोन वडिलांकडे जाणार आहे, हेही लिहिलंय. या दोन गोष्टी तुम्ही सांगितल्यात म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

गेली सहा वर्षं माझ्याकडे दोन फोन आहेत. कामाचा आयफोन, स्वतःचा अँड्रॉइड. दोन्ही रोज हाताळतो. माझं मत असं आहे की जाहिरातीत दिसणाऱ्या सोयींवरून फोन निवडू नये. मागे जाणं, नोटिफिकेशन बघून बाजूला करणं, टाइप करणं, फाइल शोधून कुणाला तरी पाठवणं, ही कामं आपण दिवसातून शंभर वेळा करतो. फोन हाताला बसला की नाही हे तिथेच कळतं. बाकीच्या बऱ्याचशा गोष्टी दोन्हीकडे आता सारख्याच आहेत.

आधी मागे जाण्याबद्दल, कारण तुम्हाला पहिला आठवडा सगळ्यात जास्त हेच खुपणार आहे. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हापासून त्याला ‘बॅक’चं स्वतंत्र बटण होतं. पुढे ते पडद्यावर आलं आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून बोट कडेवरून आत ओढायची खूण झाली. पण अर्थ बदलला नाही. कुठल्याही अ‍ॅपमध्ये असा, मागे जायची रीत एकच. आयफोनला असं सर्वांसाठी एक बटण कधीच नव्हतं. तिथे मागे कसं जायचं हे ज्या त्या पडद्यावर ठरतं.

बसमध्ये उभे आहात, डाव्या हाताने दांडा धरलाय, फोन उजव्या हातात. मेलमधली लिंक उघडून वाचली, आता परत मेलवर यायचंय. अँड्रॉइडवर अंगठा उजव्या कडेला टेकलेलाच असतो. तो नखभर आत ओढला की काम झालं. आयफोनवर त्याच वेळी वर डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आधीच्या अ‍ॅपचं नाव असतं, त्यावर टॅप करायचं. त्याच अ‍ॅपमध्ये मागे जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी डाव्या कडेवरून बोट ओढायचं. मोठा फोन असेल तर अंगठा तिथवर पोचताना फोन तळव्यात सरकतो. फोटो मोठा करून बघत असाल तर तो खाली ओढून बंद करायचा, खालून वर आलेला कागदासारखा पडदाही खाली ओढायचा, आणि काही ठिकाणी वरच्या कोपऱ्यातली फुलीच दाबायची. महिनाभरात हे अंगवळणी पडतं, मलाही पडलं. तरी एका हाताने वापरताना अँड्रॉइड सरस आहे, यावर माझं मत सहा वर्षांत बदललेलं नाही.

आयफोनची बाजूही सांगतो. तिथे डाव्या कडेवरून बोट ओढताना आधीचं पान बोटाबरोबर सरकत येतं. अर्धं दिसलं, नको वाटलं, तर बोट परत नेलं की होतो तिथेच. आपण कुठे चाललोय हे डोळ्यांना आधीच दिसतं. अँड्रॉइडवर ‘बॅक’ केल्यावर मागचं पान येईल की अ‍ॅपच बंद होईल, याचा वर्षानुवर्षं अंदाजच करावा लागायचा. अलीकडच्या आवृत्त्यांत आधी झलक दाखवायची सोय आली आहे, पण अ‍ॅप बनवणाऱ्याने ती जोडली असेल तरच. लोक आयफोनला ‘स्मूथ’ म्हणतात तेव्हा वेगाइतकंच हेही त्यांच्या मनात असतं असं मला वाटतं: पडदा बोटाला चिकटून चालतो.

आता नोटिफिकेशन. वरून पडदा खाली ओढायची कल्पना अँड्रॉइडमध्ये पहिल्यापासून आहे. आयफोनमध्ये नोटिफिकेशन सेंटर आलं ते २०११ साली, आयओएस ५ मध्ये (आयओएस म्हणजे आयफोन ज्यावर चालतो ती यंत्रणा). इतकी वर्षं झाली तरी तो फरक जाणवतो. अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत बारीक चिन्हं दिसतात, त्यामुळे काय काय साचलंय हे पडदा न ओढताही कळतं. शिवाय २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून एकाच अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे वेगळे प्रकार करता येतात. खरेदीच्या अ‍ॅपमधून ‘पार्सल निघालं’ हे हवं आणि ‘आज मोठी सूट’ हे नको असेल, तर सूट सांगणाऱ्या त्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरायचं आणि तेवढा प्रकार बंद करायचा. अर्थात अ‍ॅपवाल्याने हे प्रकार प्रामाणिकपणे वेगळे ठेवलेले असले पाहिजेत. आयफोनवर फोनच्या सेटिंगमधून हे असं प्रकारवार होत नाही. अख्खं अ‍ॅप चालू किंवा बंद, नाहीतर त्या अ‍ॅपच्या आत शिरून सोय आहे का ते शोधायचं.

आयफोनवर मला आणखी एक खटकतं. लॉक पडद्यावर चार निरोप दिसले, घाईत फोन उघडला, दुसऱ्याच कामाला लागलो, तर ते निरोप नजरेआड होतात. पुन्हा बघायला वरून पडदा ओढा, मग जुने बघायला वर सरकवा. अ‍ॅपच्या चिन्हावरचा लाल आकडा तेवढा आठवण देत राहतो. कामाचे दोन निरोप माझ्याकडून असे राहून गेले, तेव्हापासून मी लाल आकडे रोज संध्याकाळी मुद्दाम तपासतो. मात्र कामाच्या वेळी कुणाचे फोन यावेत, रात्री कुणाचे, हे ठरवायची ‘फोकस’ची सोय आयफोनवर फार नीट बसवलेली आहे. २०२१ पासून ती मी रोज वापरतो आणि तिच्यामुळे माझी झोप सुधारली, हे मनापासून सांगतो.

तुमचा मोठा विषय टाइप करण्याचा. आयफोनवर दुसऱ्या कंपन्यांचे कीबोर्ड अ‍ॅप २०१४ पासून चालतात, पण पाहुण्यासारखे. पासवर्डची चौकट आली की फोन आपला मूळ कीबोर्ड पुढे करतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण लिहिता लिहिता हाताखालची बटणं बदलली की लय तुटते. मूळ कीबोर्डवर आकड्यांची वेगळी ओळ ठेवता येत नाही, तारीख किंवा रक्कम लिहायची की दरवेळी पान बदला. आधी कॉपी केलेल्या चार गोष्टी पुन्हा चिकटवायच्या असतील तर अँड्रॉइडवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, क्लिपबोर्डची (कॉपी केलेल्या गोष्टींची) यादी मिळते. आयफोनच्या कीबोर्डमध्ये ती नाही. तुम्ही दोन तास टाइप करता, म्हणजे या तीन गोष्टी तुम्हाला दिवसातून कितीतरी वेळा भेटणार. उलट, लिहिलेल्या मजकुरात मधलं अक्षर दुरुस्त करायचं असेल तर आयफोनवर स्पेसबार दाबून धरायचा, अख्खा कीबोर्ड कोरा होतो आणि कर्सर हवा तिथे, वरच्या ओळीतसुद्धा, अलगद नेता येतो. जीबोर्डवरही स्पेसबारवरून बोट सरकवून कर्सर हलतो, पण आयफोनवरची ती पकड मला जास्त अचूक वाटते. लांब मेल दुरुस्त करायचा असेल तर मी कामाचाच फोन उचलतो.

फाइलींचं थोडक्यात सांगतो. अँड्रॉइड फोन केबलने विंडोजच्या संगणकाला जोडला आणि फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं की आतले फोल्डर दिसतात, हवं ते ओढून घ्या. आयफोन जोडला की फोटो-व्हिडिओ दिसतात, बाकीच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर किंवा क्लाउड. आयफोनमध्ये ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅपच २०१७ साली आलं. सगळी उपकरणं अ‍ॅपलचीच असतील तर मात्र फोनवर कॉपी केलेलं लॅपटॉपवर चिकटवता येतं, आणि त्या सुखाची सवय लागली की सुटत नाही.

आता जरा कळकळीने लिहितो. अँड्रॉइड म्हणजे एक फोन नव्हे. गूगलच्या पिक्सेल फोनवरचं अँड्रॉइड, सॅमसंगचं वन यूआय, शाओमीचं हायपरओएस, ही एकाच घराण्यातली पण वेगळ्या वळणाची माणसं आहेत. त्यांची सेटिंगं वेगळी, खुणा थोड्या वेगळ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटरी वाचवायची रीत वेगळी. माझ्या आईच्या फोनवर, कंपनीचं नाव घेत नाही, रक्तदाबाच्या गोळीची आठवण करणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. दोन दिवस वाजलं. मग तीन दिवस वाजलंच नाही आणि ते आमच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी गोळ्यांच्या पाकिटात तीन गोळ्या जास्त दिसल्या तेव्हा कळलं. अ‍ॅप बरेच तास उघडलं नाही म्हणून फोनच्या बॅटरी बचतीने ते परस्पर बंद केलं होतं आणि त्याबरोबर त्याचा गजरही गेला होता. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनिर्बंध’ निवडलं, तेव्हापासून आजवर एकदाही चुकलेलं नाही. हे पान आईला कधीच सापडलं नसतं, आणि सापडायची वेळही तिच्यावर यायला नको होती. आयफोनवर अ‍ॅप अशी आठवण एकदा यंत्रणेच्या हवाली करतं. मग अ‍ॅप चालू असो नसो, ती वेळेला वाजते. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. आयफोनची कडक शिस्त नडते ती दुसरीकडे: शेकडो फोटो बाहेरच्या क्लाउडवर चढवायचे असतील तर बऱ्याचदा ते अ‍ॅप समोर उघडं ठेवून बसावं लागतं, बाजूला सारलं की चढणं रेंगाळतं.

अपडेटवरून पूर्वी जी भांडणं व्हायची त्यांत आता तितका दम राहिलेला नाही. २०१५ साली आलेल्या आयफोन ६एसला २०२१ चं आयओएस १५ मिळालं, तेव्हा अँड्रॉइडवाल्यांना त्याचा हेवा वाटायचा. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून गूगल आणि सॅमसंगनेही सात वर्षांचा शब्द दिलाय. मात्र हा शब्द ठरावीक मॉडेलांपुरता आहे, स्वस्त मॉडेलांना तो लागू असेलच असं नाही, तेवढं खरेदीआधी पाहून घ्या.

आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना ‘नक्कल केली’ म्हणतात त्यात मी पडत नाही. होम पडद्यावरची विजेट, म्हणजे अ‍ॅप न उघडता माहिती दाखवणाऱ्या चौकटी, अँड्रॉइडकडे आधी होती, आयफोनवर २०२० साली आली. चालू अ‍ॅपचं कार्ड वर ढकलून बंद करायची खूण आज दोन्हीकडे आहे, ती मुळात पाम कंपनीच्या फोनवरच्या २००९ च्या वेबओएस या यंत्रणेतली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनच्या जिवंत चौकोनांची, आतली माहिती आपोआप बदलत राहणाऱ्या अ‍ॅपच्या चौकोनांची, तर मला अजून आठवण येते. एका नजरेत इतकं काही सांगणारा होम पडदा मी नंतर पाहिला नाही. अ‍ॅप मिळाली नाहीत म्हणून ती यंत्रणा गेली, वापरायला वाईट होती म्हणून नव्हे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर टाइप करणं आणि एका हाताने वापरणं हे जास्त असेल, तर मी तुम्हाला अँड्रॉइडवरच राहून चांगल्या कंपनीचा, लांब अपडेटवाला फोन घ्यायला सांगेन. लॅपटॉप आणि घड्याळही अ‍ॅपलचं घ्यायचा विचार असेल, तर आयफोन घ्या आणि पहिला महिना कुरकुर न करता काढा. ठरवण्याआधी जवळच्या कुणाचा तरी आयफोन दोन दिवस मागून घ्या. खेळून बघू नका, रोजचं काम करा: तीन लांब मेल लिहा, पीडीएफ उतरवून दुसऱ्याला पाठवा, उभं राहून एका हाताने बातम्या वाचा. आणि गेलातच तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा न्यायचं काम नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच करा, जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे अ‍ॅप वापरून. एकदा आयफोन वापरायला लागलात की त्यासाठी तो पुन्हा कोरा करावा लागतो. पैसे देऊन घेतलेली अ‍ॅप बरोबर येत नाहीत, तीही आधी मोजा.

जुना फोन वडिलांना देण्याआधी त्याला सुरक्षा अपडेट शेवटचं कधी आलं ती तारीख सेटिंगमध्ये बघा. फार जुनी असेल तर त्यावर बँकेचं काही ठेवू नका. औषधांची आठवण करणारं अ‍ॅप त्यात घालणार असाल तर बॅटरीच्या पानावर ते अनिर्बंध करा, फोन रात्रभर न उघडता ठेवा, आणि सकाळी वेळेला वाजतो का हे शेजारी बसून स्वतः एकदा ऐका.