त्याला सांगून निघू का?

‘लग्नाला अकरा वर्षं झाली. ह्यांचा हात पहिल्यापासून उठतो, गेल्या महिन्यात गळा आवळला. माझा मोबाइलही रोज तपासतात. मुलीची परीक्षा झाली की निघायचं ठरवलंय. पण न सांगता गेले तर घरावरचा हक्क जाईल म्हणतात. आधी ह्यांना सांगू का?’

पोरी, तुझं नाव आणि पेठ छापलेली नाही.

सांगू नकोस. बायको हातातून निसटतेय हे कळतं तेव्हाच असा माणूस सगळ्यात जास्त बिथरतो. आणि गळा आवळणं म्हणजे थप्पड नव्हे. पुढं जीवच जाऊ शकतो याची ती खूण आहे. परीक्षेपर्यंत थांबायचा हट्ट म्हणून सोड. वरून वळ दिसत नसला तरी आत इजा असू शकते. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय? सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा आणि ‘पडले’ असं न सांगता नवऱ्यानं गळा दाबला असंच लिहून घ्यायला लाव.

हक्काचं म्हणशील तर तो असा जात नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा आदेश कोर्टाकडं मागता येतो. अर्जाला संरक्षण अधिकारी मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना वकील फुकट देतं, मिळकत विचारत नाही. त्यांचा नंबर 15100.

फोन मात्र तुझ्या मोबाइलवरून नको, तो रोज तपासतो म्हणतेस. शेजारच्या काकूंच्या फोनवरून 181 ही महिला हेल्पलाइन लावून सखी केंद्राची चौकशी कर. तिथं तात्पुरता निवारा मिळतो. माहेरी तो पहिला येऊन उभा राहील. निघताना मोबाइलचं लोकेशन बंद कर.

चटणीचे दिवस आहेत. मिरची कांडायला डंकावर निघालीस तर मिरचीच्या पिशवीत कोण हात घालणार? तळाशी आधार, पासबुक, मुलीचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या ठेव आणि पिशवी काकूंकडं सोड. सगळं एकदम नको, कपाट रिकामं दिसेल.

तोवर भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात थांबू नकोस, विळी-सुरी तिथंच असते. दाराच्या बाजूला सरक. काकूंशी आजच ठरवून ठेव: तू किंवा लेकीनं ‘काकू, विरजण आहे का?’ अशी हाक दिली की त्यांनी काही न विचारता 112 लावायचा.