रॅबाय नाही म्हणाले, ते कोणाला?

"आमच्या गुरुजींना कोणीही चालतं. मग त्यांच्या धर्मगुरूंना, म्हणजे रॅबायना, आमचा मुलगा का चालू नये?" अमेरिकेत ज्यू घराशी सोयरीक जुळली की मराठी आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. त्यातलंच एक प्रकरण, कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून, इथे सांगते.

मुलाचं कुटुंब न्यू जर्सीतलं, आई मूळची अलिबागकडची; त्यांना इथे ताई म्हणू. मुलगा आणि मुलगी कॉलेजपासून एकत्र होते, दोन्ही घरांचा होकार होता. शनिवारी सकाळचा मुहूर्त काढून हॉलचा ॲडव्हान्सही दिला होता. रॅबाय शोधायला मात्र त्यानंतर घेतले. मुलीच्या सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनास्थळातल्या) रॅबायनी, म्हणजे जे तिला लहानपणापासून ओळखत होते त्यांनीच, नकार कळवला. दुसऱ्यांनी शनिवार म्हटल्यावर विषय संपवला. तिसरे तयार झाले, पण गुरुजींबरोबर एकाच मांडवात उभं राहणार नाही म्हणाले, आणि मुलं झाल्यावर त्यांना कोणत्या संस्कारात वाढवणार हेही त्यांनी विचारलं.

"अजून अक्षता पडल्या नाहीत आणि यांना नातवंडांचा धर्म हवाय!" ताई माझ्यासमोर अक्षरशः थरथरत होत्या. आपल्या मुलाचा अपमान झाला, हे त्यांच्या मनाने पक्कं धरलं होतं.

मुलगी शेजारीच बसली होती, गप्प. मी तिला पहिल्या रॅबायचा ईमेल वाचून दाखवायला सांगितलं. मजकूर प्रेमळ होता. तुझ्या नव्या घराच्या दाराला मेझुझा (धर्मवचनं असलेली छोटी डबी) लावायला मी येईन, पण तुझं लग्न मला लावता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. तिथे तिचा आवाज फुटला. ताईंनी फोन तिच्या हातातून घेतला, ते वाक्य स्वतः पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे 'नाही' तर त्यांनी तुला म्हटलंय."

माझ्या मते अशा प्रत्येक प्रकरणात इथेच थांबायला हवं. नकार आपल्याला मिळाला असं आपण धरून चालतो आणि रागावतो. आपल्याला तर ते रॅबाय कालपरवा कळलेले असतात. ज्या दारात ती मुलगी वाढली ते दार तिच्यासाठी बंद होत असतं, आणि वर आपल्या रागाचीही समजूत तिलाच घालावी लागते.

आता नकारामागचं कारण. ज्यू धर्मशास्त्रात विवाह हा दोन ज्यूंमधला करार आहे. अंगठी घालताना वर म्हणतो, "मोशे आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे तू माझ्यासाठी पवित्र झालीस." एका पक्षाला तो नियमच लागू नसेल, तर हे शब्द वदवून घेणं परंपरानिष्ठ रॅबायला खोटं वाटतं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे सर्वांत परंपरानिष्ठ पंथाचे रॅबाय त्यामुळे आंतरधर्मीय लग्न लावत नाहीत, मधल्या वाटेच्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रॅबायनाही त्यांच्या संघटनेची बंदी आहे. उदारमतवादी रिफॉर्म पंथाच्या रॅबायच्या संघटनेने १९७३ मध्ये अशा लग्नांना विरोध करणारा ठराव केला, तरी निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. आज त्यांच्यातले बरेच जण ही लग्नं लावतात, रिकन्स्ट्रक्शनिस्ट या दुसऱ्या उदारमतवादी पंथातलेही लावतात. गरज किती मोठी आहे ते प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीतून कळतं: २०१० नंतर लग्न केलेल्या अमेरिकन ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचे जोडीदार ज्यू नाहीत.

शनिवारचं म्हणाल तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा पवित्र विश्रांतीचा दिवस, असतो आणि त्यात लग्न लागत नाही. ताईंना हे मला समजवावंच लागलं नाही. "आमच्याकडचे शनिवार तेली!" त्याच म्हणाल्या. कोकणातले बेने इस्राएली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, हे त्यांनी आजीकडून ऐकलं होतं. पासोव्हर ते शावुओत या दोन सणांच्या मधले आठवडे आणि उन्हाळ्यात तिशा बाव्ह या शोकदिनाच्या आधीचे तीन आठवडेही अनेक रॅबाय टाळतात. म्हणून माझं सांगणं असतं, की हॉलवाल्याला पैसे देण्याआधी रॅबायशी बोला.

मुलांविषयीच्या प्रश्नाने ताई दुखावल्या, हे मी समजू शकते. पण तो प्रश्न मला योग्य वाटतो. आई ज्यू म्हणून मूल ज्यू, असं ज्यू परंपरा धरते. आपल्याकडे बारसं होणार, मुंजीचा विषय निघणार. हे लग्नाआधी बोललं गेलं तर बिघडलं काय? दोघं माझ्यासमोर त्यावर बोलले. सगळं ठरलं नाही, पण निदान विषयाला तोंड फुटलं.

मग मी मुलीला विचारलं, रॅबाय नक्की कशासाठी हवेत? कायद्याला ते लागत नाहीत, न्यू जर्सीत न्यायाधीश किंवा महापौरही लग्न लावू शकतात. ती म्हणाली, "लग्नातले सात आशीर्वाद म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ माहीत असायला हवा. माझ्या आजीला नाटक वाटायला नको." एवढं स्पष्ट झाल्यावर शोध सोपा झाला. इंटरनेटवरून घेतलेल्या प्रमाणपत्रावर लग्न लावणारे, कुठल्याही अटीला हो म्हणणारे भाडोत्री पुरोहित तिने यादीतून काढून टाकले. एटीन डोअर्स ही संस्था आंतरधर्मीय जोडप्यांना रॅबाय आणि कँटर (प्रार्थना गाणारे) विनामूल्य सुचवते, तिथून एक रिफॉर्म रॅबाय मिळाल्या. दोन्ही विधी एकत्र करायला त्यांचीही तयारी नव्हती. ताईंना ते थोडं लागलं, पण गुरुजी म्हणाले, "वेगळेच करू, म्हणजे माझीही घाई होणार नाही."

गुरुजींनी रविवारचा मुहूर्त काढून दिला. सकाळी अंतरपाट आणि सप्तपदी, संध्याकाळी खुप्पा (ज्यू लग्नमंडप), सात आशीर्वाद आणि शेवटी प्रथेप्रमाणे पेला फोडणं. विवाहाच्या सरकारी परवान्यावर सही एकाच पुरोहिताची होते, ती रॅबायनी केली. या परवान्यासाठी न्यू जर्सीत अर्जानंतर ७२ तास थांबावं लागतं, म्हणून अर्ज आधीच्या आठवड्यातच करून ठेवला होता.