माफी मिळाली, पण घरात घेतलं का?

"देवाने मला क्षमा केली, हे मी मानते. पण त्याला मी हवी आहे का, ते माहीत नाही."

मी ख्रिस्ती समुपदेशक आहे. हे वाक्य शब्द बदलून माझ्यासमोर येतच राहतं. तरुण मुलं म्हणतात, "देव एव्हाना माझ्यावर वैतागला असेल." मंडळीत वर्षानुवर्षं सेवा करणारे म्हणतात, "एवढं करूनही काहीतरी कमीच पडतं." आयुष्याच्या शेवटाकडे आलेले हळूच विचारतात, "तो मला ओळखेल ना?" सगळ्यांना खटल्यातून सुटल्याचं ठाऊक असतं. सुटल्यावर जायचं कुठे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

खालची हकिगत एका व्यक्तीची नाही. अनेकांच्या बैठका मी एकीत गुंफल्या आहेत आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पंचेचाळिशीच्या बाई, संडे स्कूलच्या शिक्षिका. लहान मुलांना 'देव तुझा पिता आहे' हे गाणं शिकवणाऱ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "ताई, माझा तोल जातो, घरच्यांना लागेल असं बोलते. मग तीन दिवस मला प्रार्थनेला बसवत नाही."

"तीनच दिवस का?"

त्या जरा थांबल्या. "तेवढ्यात मी थोडी बरी वागलेली असते. मग तोंड दाखवायला जागा होते."

आजार त्या उत्तरातच होता. पाप झाल्यावर वाईट वाटणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण. पण पित्याकडे परतण्याआधी तीन दिवसांची मजुरी साठवून न्यायची, ही चाल मोलकऱ्याची.

माझी एक पद्धत आहे आणि ती कोरडी वाटते, असं सहकारी म्हणतात. मी भावनेपासून सुरुवात करत नाही. 'देवाचं प्रेम अनुभवा' असं सांगितलं की माणूस आत डोकावतो, तिथे त्याला काही सापडत नाही आणि तो आणखी खचतो. म्हणून आधी नातं कशावर उभं आहे ते पाहायचं. भावना मागून येते. कधी उशिरा येते, पण येते.

त्यांना मी एका आठवड्याचं काम दिलं. एक वही घ्यायची आणि रोजच्या प्रार्थनेतलं पहिलं वाक्य तेवढं लिहून ठेवायचं. प्रार्थना झाल्यानंतर लिहायचं, आधी नाही. आधी लिहिलं की तिसऱ्या दिवसापासून वाक्यं नटूनथटून येतात आणि वही निरुपयोगी होते. दुसरा रकाना अंतराचा. काही चुकलं तर चुकल्यापासून देवाशी बोलेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा. बाकी काही लिहायचं नाही. पापांची यादी तर मुळीच नाही. ती ठेवायची सवय त्यांना आधीपासूनच होती.

आठवड्याने वही आली. सातपैकी चार दिवस कोरे. उरलेल्या तीन वाक्यांपैकी एक असं होतं: 'प्रभू, मी योग्य नाही, तरी तुझ्या सेवेत मला ठेव.' वाक्य नम्र होतं, पण त्याचा साचा नोकरीच्या अर्जाचा होता.

मी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय काढायला सांगितलं. त्यांचं बायबल जुनं, पानांच्या कडा मऊ पडलेल्या. उडाऊ पुत्राच्या, म्हणजे बापाची संपत्ती उधळून कंगाल होऊन घरी परतणाऱ्या मुलाच्या दाखल्यात एकाच ठिकाणी पेन्सिलीची रेघ होती, तीही बऱ्याचदा ओढून ठळक झालेली. १९ व्या वचनातलं शेवटचं वाक्य: मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा.

"ही माझी प्रार्थना आहे," त्या म्हणाल्या.

"हे वाक्य तो कुठे बोलतोय?"

"बापासमोर."

"पुन्हा वाचा."

त्यांनी वाचलं. १७ पासून १९ पर्यंत मुलगा अजून डुकरांजवळच आहे. परदेशात, उपाशीपोटी, घरी गेल्यावर काय बोलायचं याची तो तालीम करतो आहे. त्या भाषणाचे तीन भाग: मी पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला मोलकरी म्हणून ठेवा. २० व्या वचनात बाप धावत येऊन गळ्यात पडतो. २१ व्यात मुलगा प्रत्यक्ष बोलतो.

"आता २१ वं वचन वाचा आणि तिन्ही भाग शोधा."

पेन्सिलीचं टोक ओळीखालून सरकलं. पहिला भाग सापडला. दुसरा सापडला. मग टोक वचनाच्या शेवटी अडलं, परत मागे आलं, पुन्हा शेवटी गेलं. खालच्या ओळीत बापच बोलत होता, तेही मुलाशी नव्हे, दासांशी: उत्तम झगा आणा, हातात अंगठी घाला, पायात जोडे घाला.

"ते वाक्य इथे नाहीये."

"नाही."

"म्हणजे मी इतकी वर्षं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं. हा मोह आवरायला मला बरीच वर्षं लागली.

बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, "पण 'मी योग्य नाही' हे तर राहिलंय."

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि खरी किल्ली त्यातच आहे. बाप ते वाक्य खोडत नाही. 'असं कसं म्हणतोस, तू योग्यच आहेस' असं तो म्हणत नाही. अपात्रता मान्य आहे. नोकरीचा अर्ज तेवढा विचारातच घेतलेला नाही. पुत्रपण पात्रतेवर मिळालंच नव्हतं, तर अपात्रतेने ते जाणार कसं? मनाला उभारी द्यायची म्हणून 'तू खूप मौल्यवान आहेस' असं घोकवून घेणाऱ्या पद्धती माझ्या गळी उतरत नाहीत, त्याचं कारण हेच. त्या आधार पुन्हा माणसातच शोधायला लावतात.

चिकित्सक वाचकांसाठी एक खुलासा. काही महत्त्वाच्या प्राचीन हस्तलिखितांत ते मोलकऱ्याचं वाक्य २१ व्या वचनातही आहे. नकलकाराने वरचं पाहून ते खाली जुळवून घेतलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. समजा ते मूळचं असलं, तरी बाप त्याला उत्तर देत नाही, थेट झगा मागवतो. शिवाय हा मुलगा रक्ताचा आहे, दत्तक नाही, हेही खरं. दास आणि पुत्र यांतला फरक दाखवायला दाखला पुरतो. दत्तकासाठी पौलाकडे, म्हणजे नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताकडे, जावं लागतं.

'दत्तक घेणे' या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात पाच वेळा येतो आणि पाचही वेळा पौलाच्या पत्रांत: रोमकरांस ८:१५, ८:२३ आणि ९:४, गलतीकरांस ४:५, इफिसकरांस १:५. रोम ८:१५ मध्ये तर तो आमच्या बाईंचीच अडचण मांडतो. एका बाजूला भीतीत नेणारा दासपणाचा आत्मा, दुसऱ्या बाजूला 'अब्बा, बापा' अशी हाक मारायला लावणारा दत्तकपणाचा आत्मा.

'दत्तक' म्हटलं की अनेकांना ते नातं दुय्यम वाटतं, म्हणून पौलाच्या वाचकांना काय ऐकू येत होतं ते सांगावं लागतं. रोमन समाजात दत्तक जाणारा बहुधा वाढलेला पुरुष असे. त्याचे गुणदोष उघडे असत. घेणारा डोळे उघडे ठेवून घेई. विधीही साधा नव्हता. बापाने मुलाला तीनदा विकलं तर मुलगा बापाच्या सत्तेतून सुटतो, असा रोमच्या प्राचीन 'बारा फलकांच्या' कायद्यातला जुना नियम होता. त्याचाच आधार घेऊन तराजू धरणारा एक जण आणि पाच साक्षीदार यांच्यासमोर लुटुपुटूची विक्री तीनदा होई. शेवटी दत्तक घेणारा न्यायाधिकाऱ्यापुढे 'हा माझा मुलगा' असा दावा करी. त्यानंतर नाव नवं, वारसा नवा, आणि जुन्या बापाची सत्ता संपलेली. साक्षीचा शब्द पौलही पुढच्याच वचनात वापरतो: आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुलं आहोत.

इथे एक चूक प्रवचनांतून सर्रास होते. 'रोमन कायद्यात दत्तक मुलाला कधीच काढता येत नसे' असं सांगितलं जातं. ते खरं नाही. रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स. ४ मध्ये टायबेरियस आणि अग्रिप्पा पोस्टुमस या दोघांना दत्तक घेतलं आणि काही वर्षांतच अग्रिप्पाला घराण्यातून काढून बेटावर धाडलं. म्हणून खात्रीचा खांब रोमन कायद्यावर उभा करू नये. कुणी तो इतिहास वाचला की खांब कोसळतो. खात्री हवी तर रोमकरांस पत्राच्या त्याच ८ व्या अध्यायाचा शेवट वाचावा: ख्रिस्तामधल्या देवाच्या प्रीतीपासून कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला वेगळं करू शकत नाही.

एक तुलना मात्र मी आवर्जून करते. पौलाने रोमकरांना लिहिलं ते साधारण इ.स. ५७ मध्ये. तेव्हा रोमच्या सिंहासनावर नीरो होता, आणि तो दत्तकच. आधीचा सम्राट क्लॉडियसने पोटचा मुलगा ब्रिटॅनिकस असताना त्याला इ.स. ५० मध्ये घेतलं. ५४ मध्ये क्लॉडियस गेला, नीरो गादीवर बसला. ५५ मध्ये ब्रिटॅनिकसही मेला, आणि त्याच्यावर विषप्रयोग झाल्याचं रोमन इतिहासकार लिहितात. दत्तक आत आला आणि पोटचा संपला. पौल नीरोचं नाव काढत नाही, पण तो जे घर दाखवतो तिथला हिशेब उलटा आहे. तिथे एकुलता पुत्र स्वतः खर्ची पडून इतरांना आत आणतो, आणि रोम ८:२९ प्रमाणे पुष्कळ भावंडांत ज्येष्ठ म्हणून उभा राहतो. ते वारस कुणाला हुसकावून आलेले नाहीत. मुलगा नाही म्हणून गरजेपोटी कुणी त्यांना घेतलंय, असंही नाही. इफिसकरांस पत्रात कारण दिलं आहे ते देवाच्या प्रीतीचं आणि त्याच्या मर्जीचं.

बाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "मग पाप केलं तरी चालतं का?"

चालत नाही. घरातलं पाप जास्त दुखवतं. पण न्यायाधीशाची शिक्षा आणि बापाची शिस्त या निराळ्या गोष्टी आहेत. इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय शिस्तीला पुत्रपणाचा पुरावाच मानतो. चुकल्यावर सलगी बिघडते, अबोला येतो, पण नातं शाबूत असतं. सलगीसाठी कबुली हवी, आणि ती लगेच हवी. १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या एका जुन्या विश्वासपत्रात, नीतिमान ठरवणं (देवाने निर्दोष ठरवणं) आणि पवित्रीकरण (आयुष्य हळूहळू पवित्र होत जाणं) यांच्या मधोमध, १२ वं प्रकरण, दत्तकपणावर आहे. एकच परिच्छेद. पित्याप्रमाणे तो शिस्त लावतो, तरी कधी टाकत नाही, असा त्याचा आशय. सगळ्या ख्रिस्ती परंपरा यातल्या 'कधी नाही'शी सहमत नाहीत, पण माझा कल उघड आहे आणि तो मी लपवत नाही.

अनुभवाचे दोन-तीन खाचखळगे. ज्यांचा स्वतःचा बाप मारकुटा किंवा बेपत्ता होता, त्यांना 'बापाचं प्रेम डोळ्यांसमोर आणा' असं सांगू नये. डोळ्यांसमोर तोच येतो. त्यांच्याबरोबर मी योहान २०:१७ पासून सुरू करते, 'माझा पिता व तुमचा पिता'. म्हणजे येशू ज्याला पिता म्हणतो तो कसा आहे, हे येशूच्या वागण्यातून पाहायचं. 'अब्बा' म्हणजे बाळाचे बोबडे बोल, हेही सांगू नये. तो अरामी शब्द मोठी मुलंही वापरत, आणि गेथशेमाने बागेत येशूने तो घोर यातनेत उच्चारला. त्यामुळे गोड वाटलं नाही तरी ही हाक खरी असू शकते. 'मला काहीच जाणवत नाही' म्हणणाऱ्याला मी रोम ८:२३ दाखवते. ज्यांना दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, तेच दत्तकपणाची वाट पाहत कण्हत आहेत. कागद झाला आहे, पूर्ण ताबा मिळायचा आहे.

आणि एखादा माणूस दिवसातून वीस-वीस वेळा तीच कबुली देत असेल, क्षमेची खात्री पुन्हा पुन्हा विचारत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर केवळ वचनं देऊन त्याला घरी पाठवू नये. हा मनाचा आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडावं आणि आपली सोबतही सोडू नये.

बाई पाच-सहा भेटींनंतर थांबल्या. राग गेला का? नाही, कमी झाला. शेवटच्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. आधीच्या पानांवर अंतराचा आकडा तीन दिवसांवरून दोनवर, मग एकावर आलेला. मध्ये एकदा पुन्हा तीन. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'बापा, आज मी पुन्हा तसंच बोलले.' शेजारच्या रकान्यात: दीड तास.