मुंबई सोडून सांगलीला स्थायिक होण्यापूर्वी काय पाहावे?

भांडुपची वन-बीएचके सदनिका विकून सांगलीत प्रशस्त घर घ्यावे का, असे आपण विचारले आहे. आपले काम घरून होण्यासारखे आहे, पत्नी मुलुंडच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहेत आणि मुलगा चौथीत आहे, असेही आपण लिहिले आहे. मी २०१६ मध्ये पती, सासूबाई आणि सहावीतल्या मुलीसह मुंबईहून सांगलीला राहायला गेले आणि २०२२ मध्ये परत मुंबईत आले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सविस्तर देते.

निघण्यापूर्वी आम्हीही वहीत हिशेब मांडला होता. घरभाडे, दूध, भाजी, शाळेची फी असे सगळे आकडे सांगलीच्या बाजूने होते आणि त्यांतले बरेचसे खरेही ठरले. दुप्पट मोठे घर मिळाले, मुलगी सायकलवरून दहा मिनिटांत शाळेत पोहोचू लागली आणि पती साडेसहाला घरी येऊन चहा घेऊ लागले, जे मुंबईत बारा वर्षांत कधी घडले नव्हते. चुकला तो प्रवासखर्चाचा आकडा. मुंबईत लोकलचा पास आणि बेस्टची बस यांवर चौघांचे भागत होते. तिथे शहर बससेवा तोकडी असल्याने पहिल्याच वर्षी दोन दुचाक्या घ्याव्या लागल्या आणि सासूबाईंना दवाखान्यात नेण्यासाठी पुढे जुनी मोटारही घ्यावी लागली.

पण आमच्या वहीत न मांडलेली खरी गोष्ट वेगळीच होती. मुंबईत जवळजवळ प्रत्येक गोष्टीला दुसरी तयार असते. एक नोकरी गेली तर त्याच लोकलच्या मार्गावर दुसरी सापडते, एका डॉक्टरांचे निदान पटले नाही तर दोन स्टेशनांवर दुसरे असतात. लहान शहरात पहिली गोष्ट बहुधा चांगली मिळते. दुसरी आहे का, हे मात्र जाण्याआधी शोधून ठेवावे लागते. माझे सांगणे मुख्यतः याच्याशी संबंधित आहे.

नोकरीपासून सुरुवात करते. माझे पती कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात रुजू झाले होते. २०२१ च्या अखेरीस कारखान्याने त्यांचा विभाग बंद केला, आणि ज्या विशिष्ट यंत्रांवर त्यांनी वीस वर्षे काम केले होते ती यंत्रे वापरणारा दुसरा कारखाना आसपास नव्हता. माणूस तोच, अनुभव तोच, पण विचारणारे कोणी नाही, ही अवस्था त्यांनी सहा महिने सोसली. मी मुंबईत हिशेब तपासनीसांच्या कार्यालयात होते. सांगलीत हळदीच्या पेढ्या आणि साखर कारखान्यांमुळे हिशेबाचे काम होते, तथापि पगार निम्म्याहून कमी होता आणि काही ठिकाणी तो हंगामापुरताच होता. म्हणून आपल्या बाबतीत दोन गोष्टी आधी कराव्यात. घरून काम करण्याची मुभा साहेबांच्या तोंडी आश्वासनावर न ठेवता पत्रात लिहून घ्यावी, आणि शहर बदलल्यावर पगार कमी होणार का हेही त्याच पत्रात स्पष्ट असावे. दुसरे म्हणजे, ही नोकरी उद्या गेली तर सांगली, मिरज किंवा कोल्हापूर येथे आपल्याला कोण घेईल, अशी निदान दोन नावे आपल्याला सुचली पाहिजेत. आपल्या पत्नींची बाजू मात्र माझ्यापेक्षा बरीच बळकट आहे, कारण मिरज हे पूर्वीपासून रुग्णालयांचे गाव आहे आणि त्यांच्या कामाला तिथे मागणी असते. त्यांनी स्वतः तिथे जाऊन, चार ठिकाणी पगार विचारून मगच होकार द्यावा. घरातल्या एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची कमाई आणि ओळख गेली, तर त्याची सल वर्षानुवर्षे राहते. मी हे अनुभवाने लिहीत आहे.

आता घराविषयी. आम्ही सुरुवातीला गावभागात, नदीपासून जवळ, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहिलो. घर पाहायला गेलो तेव्हा जिन्याच्या भिंतीवर चार पायऱ्यांच्या उंचीवर खिळ्याने कोरलेली एक आडवी रेघ दिसली. मुलांनी काढली असेल असे मला वाटले आणि मी काही विचारले नाही. ती २००५ च्या पुराच्या पाण्याची रेघ होती, घरमालकांनी स्वतः कोरलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ती रेघ ओलांडून वर आले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तळमजल्यावरच्या आजींनी धान्याचे डबे एकेक करून आमच्याकडे वर आणून दिले, आणि तिसऱ्या दिवशी आम्हा सर्वांनाच बोटीतून बाहेर पडावे लागले. मुंबईकराला पाणी तुंबण्याची सवय असते, पण मुंबईचे पाणी बहुधा ओहोटीबरोबर काही तासांत उतरते. कृष्णेचे पाणी वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि कोयनेचा विसर्ग यांवर चढते आणि आठवडाभरही घरात राहते. विश्रामबागेतील एका ओळखीच्या कुटुंबाने आम्हा चौघांना अकरा दिवस आपल्या घरात ठेवून घेतले. तीन वर्षांच्या ओळखीवर इतके आपलेपण मला मुंबईत मिळाले असते असे वाटत नाही, आणि सांगलीची आठवण येते ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

म्हणून सांगलीत, किंवा कोल्हापूर, चिपळूण अशा कोणत्याही नदीकाठच्या शहरात, घर घेण्यापूर्वी जागा पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते महापालिका किंवा नगरपरिषदेत आणि जलसंपदा विभागाकडे पाहावे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. कागद पाहून झाला तरी शेजारच्या वृद्ध माणसांना २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी कुठवर आले होते, हे विचारावेच. आणखी एक गोष्ट मुंबईकराच्या लक्षात येत नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नसते, आणि लहान शहरांतील पुष्कळ इमारती तेवढ्याच असतात. अशा वेळी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे सर्व आपल्या वकिलाकडून तपासून घेण्याला पर्याय नाही.

भांडुपचे घर इतक्यात विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही आमचे मुलुंडचे घर विकले नव्हते, म्हणूनच २०२२ मध्ये परतता आले. सांगलीतल्या पैशांत मुंबईत पुन्हा घर घेणे आम्हाला कधीच जमले नसते. निदान दोन वर्षे ते नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर भाड्याने द्यावे. सोसायटी त्यासाठी बिनभोगवटा शुल्क लावील, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक लावता येत नाही. पुढे विकायचे ठरलेच, तर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरील कर वाचवण्यासाठी विक्रीनंतर दोन वर्षांत घर विकत घ्यावे लागते, किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करावे लागते. या मुदतीच्या दडपणाखाली अनोळखी शहरात घाईने जागा पसंत करू नये.

उपचारांच्या बाबतीत सांगली-मिरज हे भाग्यवान जोडशहर आहे. सासूबाईंच्या छातीत दुखू लागले तेव्हा आम्ही पंधरा-वीस मिनिटांत मिरजेत होतो. गुंतागुंतीच्या आजाराला मात्र पुणे किंवा मुंबईच गाठावी लागते. आपली आरोग्यविम्याची पॉलिसी शहरांच्या श्रेणीनुसार हप्ता ठरवणारी असेल, तर पत्ता बदलण्यापूर्वी नीट वाचावी. काही पॉलिसींत खालच्या श्रेणीच्या शहराचा हप्ता भरणाऱ्याला मुंबईतील उपचारांच्या बिलाचा काही भाग स्वतः सोसावा लागतो. मुंबईला येण्यासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची आहे, परंतु आपले आईवडील मुंबईतच राहणार असतील तर पावसाळ्यात तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. जुलै २०१९ मध्ये कोल्हापूरला निघालेली हीच गाडी वांगणीजवळ पुरात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते.

मुलाच्या शाळेची फार चिंता करू नये. चौथीनंतर शाळा बदलणे सोपे असते. आमच्या मुलीला ते सहावीतही जमले, नववी-दहावीत मात्र जमले नसते.

मी आपल्या जागी असते तर या ऑगस्टमध्ये पत्नी आणि मुलासह दहा दिवस सांगलीत भाड्याच्या खोलीत राहिले असते. ते दिवस रजेचे नसावेत, कामाचे असावेत, म्हणजे इंटरनेट आणि वीज यांची खरी परीक्षा होईल. त्याच दिवसांत पत्नींना मिरजेतील रुग्णालयांत चौकशी करता येईल, आणि जी घरे आवडतील त्यांच्या जिन्याच्या भिंतीही पाहून होतील.